काचेमागची फळी

मित्रांनो, वाचनालयात मी आले ती जाडजूड ग्रंथ अंगावर पेलायला. पुढे माझ्या कपाटाला वाळवी लागली. मी तेवढी धड निघाले. पुस्तकं बांधणाऱ्या काकांनी मला रंधा मारला, दोन्ही कडांना पट्ट्या ठोकल्या आणि एका टोकाखाली खाचांची घोडी बसवली. वरच्या खाचेत बसवलं की माझा उतार वाढायचा.

हे सगळं बालविभागाच्या ताईंच्या सांगण्यावरून. ज्या मुलांना अजून वाचता येत नाही तीही आपली वाचकच, असं त्या म्हणत. त्यांनी माझ्याशेजारी एक टोपली ठेवली. तिच्यात दोऱ्याची रिकामी रिळं, बुचं, गोट्या, खोडरबर, एक काडेपेटी. नियम एकच: वस्तू माझ्यावरून सोडण्याआधी काय होईल ते सांगायचं. चुकलं तर पुन्हा सोडायची.

चार वर्षांच्या एका मुलीला तिचे आजोबा घेऊन यायचे. "घरात हिच्या तोंडाला दम नसतो," ते ताईंना म्हणाले, "आणि बाहेर पडली की जिभेला कुलूप." तीन आठवडे ती नुसती बघत बसली. मग एके दिवशी तिने काडेपेटी उचलून माझ्यावर ठेवली. पेटी हलली नाही. तिने मला एक खाच वर चढवलं, तरी हलली नाही. आणखी एक खाच चढवल्यावर पेटी सरकन खाली गेली.

"ताई, आता का गेली?"

ताई तिच्याशेजारी खाली बसल्या. "तुला काय वाटतं?"

"मघाशी तिला बसायला जागा होती," मुलगी विचार करून म्हणाली.

ताईंनी ते वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवलं. त्या दिवसापासून तिची टकळी सुरू झाली.

पण शेजारी वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना गोट्यांचा आवाज खुपू लागला. कार्यवाह आले.

"ताई, इथे शांतता पाळतात."

"मुलं शिकतायत, साहेब."

"मग शाळा कशाला आहेत?"

"शाळेत जायच्या आधीचीच आहेत ही."

"तर मग घरी खेळू देत!"

ताईंनी घरून जाड सतरंजी आणून माझ्या पायथ्याशी अंथरली. आवाज थांबला, कुरबुर थांबली नाही.

मग एकदा मोठे पाहुणे वाचनालय पाहायला आले आणि माझ्यापाशी थबकले. "एवढ्या लहानांसाठी विज्ञान! कोणाची कल्पना?" कार्यवाह लाजून म्हणाले, "सुचलं आपलं." ताई मागे टोपली धरून उभ्या होत्या. फोटो निघाले.

आठवड्याभरात मला पॉलिश झालं आणि दर्शनी दालनातल्या काचेच्या कपाटात मी जाऊन बसले. ताईंची बदली देवघेव विभागात झाली. "तुमचा उपक्रम यशस्वी झाला की," कार्यवाह त्यांना म्हणाले.

पुढच्या शनिवारी ती मुलगी आली. मुठीत कोटाचं मोठं बटण होतं. तिने काचेवर तळवा टेकवला.

"ए बाळा, डाग पडतात," शिपाई म्हणाला.

ताई देवघेवीची खिडकी सोडून धावत आल्या. "साहेब, पाच मिनिटं फळी बाहेर काढू या."

"अहो, पॉलिश ताजं आहे," कार्यवाह म्हणाले. "बघू दे ना तिला, बघायला कुठे मनाई आहे?"

आजोबा खाली वाकले. "काहीतरी विचारायचं होतं ना तुला? विचार ताईंना."

मुलीने मान हलवली. नाही. हात मागे बांधून ती दाराकडे चालू लागली. त्यानंतर ती दोघं कधी आली नाहीत.

आता येणारे-जाणारे माझ्यासमोर थांबतात, पाटी वाचतात, "छान!" म्हणतात. मुलं खेळायची तेव्हा अंगावर रोज नवा ओरखडा पडायचा आणि कौतुक ताईंखेरीज कोणी करत नव्हतं.

मित्रांनो, 'आम्हाला जपा' असं आमच्यासारख्या वस्तू नेहमी सांगतात. मी नाही सांगणार. माझी जपणूक पुरेशी झाली. उद्या तुमच्यातला कोणी कार्यवाह होईल. तेव्हा एखादं पोर हात पुढे करेल, तर कपाट उघडा. मला झिजवा, मोडली तर दुसरी करा. फळ्या पुष्कळ मिळतात. त्या शनिवारी तिला काय विचारायचं होतं, ते मात्र आता कोणालाच कळायचं नाही. बहुधा तीही विसरली असेल.