मशीनमागची ऊब

कामिनीचा संशय आधी वायरींवर होता, मग मेमरीवर, आणि शेवटी तो सासूवर येऊन बसला.

पिंप्राळ्यातल्या त्या घरात कॉम्प्युटरचं टेबल खोलीच्या मधोमध आडवं होतं. अलीकडे कामिनीची खुर्ची. पलीकडे, मशीनच्या पाठीमागे, सासूची, म्हणजे सुमनबाईंची, खाट आणि तान्ह्या भाविकाची झोळी. संध्याकाळी सासू नातीला घेऊन बसली की कामिनी छापखान्याच्या पत्रिका करायला घ्यायची. आणि नेमकी तेव्हाच, रोज नाही, पण अधूनमधून, स्क्रीन गोठायची. कळा दाबा नाहीतर कपाळ बडवा, माउसचा बाण जागचा हलायचा नाही. केलेलं सगळं पाण्यात.

छापखान्याच्या योगराजभाऊंनी सांगून ठेवलं होतं, "ताई, आता उशीर झाला तर काम दुसऱ्याला देईन. राग मानू नका." बाळंतपणानंतर तिचं स्वतःचं म्हणावं असं हे एवढंच उरलं होतं.

दुरुस्तीवाल्या चंदनने मशीन उघडलं, धूळ झाडली, मेमरी बदलली, विंडोज नव्याने टाकलं. त्याच्या दुकानात ते दिवसभर गुणी बाळासारखं चाललं. "मशीनला काही नाही वहिनी," तो हसला, "तुमच्याच घरात कोणीतरी नजर लावतंय."

तो गमतीने बोलला, पण कामिनीच्या मनात ते रुतलं. सासू रावेरकडून आल्यापासूनच हे सुरू झालं होतं. 'पोरगी मोठी होऊ दे, मंग कर कामं' हे त्यांचं पालुपद. वर कामिनी सहज पलीकडे डोकावली तरी त्या दचकून पदराखाली काहीतरी लपवायच्या.

"आईंना गावी सोडून या," तिने शेवटी नवऱ्याला, हितेंद्रला सांगितलं. "त्या गेल्या की मशीन चालेल."

तो आधी हसला, मग तिचा चेहरा पाहून म्हणाला, "उद्या सकाळी नेतो."

त्याच संध्याकाळी एक पत्रिका पाठवायची होती. बाहेर आभाळ गच्च. काम संपत आलं आणि बाण थबकला. या खेपेला कामिनीने कळा बडवल्या नाहीत. मांजराच्या पावलांनी उठली आणि टेबलाला वळसा घातला.

सुमनबाई मशीनच्या पाठीशी वाकलेल्या. मागच्या जाळीवर भाविकाची लंगोटं आणि दुपटी एकावर एक पसरलेली, आणखी एक हातात.

"आई! हे काय?"

"लेकराचे कापडं व माय. दिवे लागल्यावर बाहेर ठेवता का कोनी? आत आनले, त वल्लेच. अन ही पेटी मांगून कशी गरम गरम फुकते!"

"मी सांगितलं होतं ना, कॉम्प्युटरला हात लावू नका!"

"मंग? हात कुठी लावला? नुसते कापडं टाकले."

कामिनीने मशीनवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. तव्यासारखं तापलं होतं. हवेची वाटच बुजलेली. ऊन असलं की कपडे बाहेरच वाळत, आणि मशीन चाले. आभाळ आलं की गोठे. तिने कपडे काढले, मशीन निवू दिलं, सुरू केलं. जीव मुठीत धरून पत्रिका पुन्हा पहिल्यापासून केली आणि पाठवली. बाण कुठेही अडला नाही.

वळून पाहिलं तर सुमनबाई पिशवी भरत होत्या.

"मी गेली की चालंन म्हनलीस ना हितूले? आयकलं म्या. या घराची भिंत किती पातळ शे, मले ठावं शे."

झोळीतली भाविका चुळबुळली. कामिनीने भिंतीतल्या खिळ्याला सुतळी बांधली, मशीनपासून हातभर लांब, आणि दुसरं टोक खाटेच्या पायाला.

"इथे घाला आई. गरम हवा इथवर येते. जाळीला मात्र चिकटवू नका."

"आजच्यापुरतं घालते," सुमनबाई म्हणाल्या. "सकाळी त जायचं शे."

कामिनीने पिशवीतलं वरचं लुगडं काढून खाटेवर ठेवलं आणि सगळी ओली दुपटी सासूच्या हातात दिली.

"उद्याही आभाळच आहे, आई."