धूसर बोटं

मित्रांनो, मी व्हिडिओ कॉलची एक जुनी पेटी आहे. सध्या माळ्यावर, बिघडलेल्या इस्त्रीशेजारी पडून असते.

कारखान्यात मला एकच विद्या शिकवली. चित्राचे लहान लहान चौकोन पाडायचे. सगळं चित्र जसंच्या तसं तारेतून जात नाही, म्हणून जिथे माणसाची नजर खिळते तिथले बारकावे जपायचे आणि बाकीचे चौकोन ओबडधोबड करून धाडायचे. चेहरा आधी. भरभर हलणाऱ्या गोष्टी कोण निरखून बघतं, असं मला पढवलं होतं.

मला एका शिंप्याच्या टीव्हीवर बसवलं. त्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तो हातांनी बोले. त्याची एकुलती एक लेक दूरच्या शहरात नर्स होती. रोज संध्याकाळी दोघं माझ्यातून भेटत. "बाबांच्या मिशीतला केस न् केस दिसतो!" असं ती मैत्रिणींना सांगे, आणि मी फुशारून जाई. बोटं जरा पुसट दिसत, पण ती अंदाजाने समजून घेई.

एका संध्याकाळी शिंपी घाईघाईने हात हलवू लागला. सकाळपासून उजव्या हाताला मुंग्या येत होत्या, सुई दोनदा गळून पडली होती, हे तो सांगत होता. त्या दिवशी नेट फार मंद होतं. मी नियमाप्रमाणे चेहऱ्याला झुकतं माप दिलं आणि बोटांचा पार लगदा केला.

"बाबा, कळत नाहीये. परत सांगा," लेकीने खुणेने म्हटलं.

त्याने परत सांगितलं, आणखी एकदा सांगितलं. मग पोरीच्या जिवाला घोर नको म्हणून तो हसला. ते हसू मी लख्ख पोहोचवलं. तीही हसली आणि तिने फोन ठेवला.

सकाळी शेजारणीला तो शिलाई मशीनजवळ पडलेला दिसला. पक्षाघात. जीव वाचला, उजवा हात गेला. त्याबरोबर धंदा गेला आणि निम्मी भाषाही.

लेक धावत आली. तिने मला बसवणाऱ्या मेकॅनिकला बोलावलं.

"चेहरा स्वच्छ, मग हातच का धूसर?"

"ताई, लोक चेहराच बघतात ना. पेटी तसंच धरून चालते."

"आमच्या घरात बोलणं हातांनी होतं!"

तो ओशाळला. "ते बदलायची सोय आहे आत. पण तुम्ही विचारलं नाहीत."

"पेटी बसवताना बाबा तुमच्याशी कसे बोलले होते?"

तिने माझी तार उपटली.

मित्रांनो, उद्या तुम्ही यंत्रं घडवाल, लोकांच्या घरी बसवाल. काय जपायचं आणि काय पुसायचं, हे त्या घराला विचारून ठरवा. मला विचारायला तोंड नव्हतं. मेकॅनिकला होतं.