भुरीच्या खुराकातली पळी

मित्रांनो, माझा दांडा जरा वाकलाय आणि वाटीला पोचा आहे, तरी मला मोडीत काढू नका. मी नागुबाईंच्या घरची जुनी पितळी पळी. उदगीरच्या बाजारात त्यांनी घासाघीस करून मला घेतलं, तेव्हा मी अशी लखलखत होते की मला द्यायला दुकानदाराच्याही जिवावर आलं होतं. पुढे कितीतरी वर्षं शिरूर अनंतपाळजवळच्या त्यांच्या घरात करडईचं तेल माझ्याच हातून कढईत पडलं. जेवणारे बोटं चाटत आणि मी मनातल्या मनात फुगत असे.

मग घरात तेलासाठी चोचीची स्टीलची बुधली आली. माझी रवानगी फळीवर, रिकाम्या डब्यांमागे झाली. माझ्या वाटीत कोळ्याने संसार थाटला. फार वाईट वाटायचं मला.

एके दिवशी सूनबाई लुंबिनीने मला बाहेर ओढलं, चिंच लावून घासलं आणि थेट डुकरांच्या गोठ्यात नेलं! लाजेने मी अर्धी झाले. नागुबाईही ओरडल्या, "अगं, सैपाकाची पळी डुकरीला?"

लुंबिनी मात्र गंभीर होती. तिची भुरी नावाची डुकरीण गाभण होती. मागच्या हिवाळ्यात भुरीची पिल्लं हडकुळी जन्मली आणि थंडीने काकडून गेली. यंदाही तसंच झालं तर भुरीला विकायचं, असं घरात ठरलं होतं आणि लुंबिनीचा तिच्यावर भारी जीव.

"आत्याबाई, पिल्लांच्या अंगावर जन्मताना चरबीच नसती," ती म्हणाली. "ऊब आईच्या चिकातून मिळती. जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणल्या, व्यायचे दिवस जवळ आले की खुराकात रोज एक पळी तेल घाला."

"पोटुशीसाठी हाय म्हण की मग!" नागुबाई विरघळल्या.

जरा जास्तच विरघळल्या. सुनेची पाठ वळली की त्या आणखी एक पळी ओतू लागल्या. "पोटुशीला कुणी मोजून वाढतंय का?" असं म्हणत त्यांनी शेजारणींनाही बोलावलं. आली ती बाई भुरीच्या पाठीवरून हात फिरवून माझी वाटी भरायची. डुकरिणीचं डोहाळजेवणच ते! मी तर दिवसभर तेलात न्हात होते.

शेवटी भुरीचं पोट बिघडलं. ती खुराकाला तोंड लावेना. लुंबिनीने तेलाचा डबा उचलून पाहिला आणि तिला सगळा प्रकार कळला.

"आत्याबाई, माझ्या येळेला तुमी लाडूवर लाडू चारले, अन् मी पोट धरून निजले होते. इसरल्या का?"

नागुबाईंना आधी हसू आलं, मग भुरीकडे बघून डोळे भरून आले. त्यांनी मला गोठ्याच्या खिळ्याला अडकवलं आणि जवळच ठाण मांडलं. नंतर एखादी शेजारीण आली की त्याच दटावत, "एक पळी झाली. लई माया हाय तर पाठ खाजव तिची!"

भुरी पुन्हा मन लावून खाऊ लागली. मग एका गार पहाटे ती व्याली. पिल्लं चांगली गुबगुबीत होती. दिव्याच्या उबेत, कोरड्या पेंढ्यावर ती धडपडत आचळांना भिडली. फक्त शेवटचं पिल्लू मुठीएवढं होतं. भावंडांच्या गर्दीत त्याला जागाच मिळेना. ते गार पडू लागलं.

"आणा ती पळी!" लुंबिनी म्हणाली.

नागुबाईंनी मला गरम पाण्याने स्वच्छ धुतलं. लुंबिनीने भुरीचा दाट, पिवळसर चीक माझ्यात पिळला. माझ्या हातून तेल म्हणून गेलेलं चीक होऊन माझ्याकडेच परत आलं होतं! नागुबाईंनी बोटाने थेंब थेंब पिल्लाच्या तोंडात सोडला. "घे रे राजा, घे." बऱ्याच वेळाने त्याने बोट चोखलं. दुपारपर्यंत ते भावंडांना ढुशा देत होतं.

आता भुरीला विकायचं कुणी नावही काढत नाही.

मित्रांनो, पोटात जीव वाढवणाऱ्या मुक्या माउलीला जपा. तिच्यावर माया पोटभर करा, पण पळी एकदाच बुडवा. आणि घासून, पुसून मला खिळ्याला अडकवा. भुरी पुन्हा गाभण आहे.