तळ्याचं पाणी

बाहेर उणे सत्तावीस होतं आणि विर्पीच्या गाडीचं इंजिन उकळत होतं. काटा लाल रेघेला टेकला, बॉनेटखालून वाफ आली, तेव्हा तिनं ती छोटी जुनी गाडी रस्त्याकडेच्या लाकडी घराच्या अंगणात घातली. बारा वाजायला वीस मिनिटं होती. ओउलूचं इस्पितळ अजून एकशेवीस किलोमीटर.

तिथे सकाळी आठला तिचा भ्रूण गोठणातून बाहेर काढला होता. पाचांतला शेवटचा. तो आजच तिच्या गर्भाशयात ठेवायचा होता, पुन्हा गोठवता येणार नव्हता, आणि डॉक्टर तीनपर्यंतच होत्या. नर्सनं हे दोनदा सांगितलं होतं.

घरातून तायस्तो नावाचा म्हातारा बाहेर आला. डोळे अधू झाल्यावर त्यानं आपली गाडी विकून टाकली होती. इंजिन थंड ठेवणारं, थंडीत न गोठणारं शीतक घरात नव्हतं, दुकान अडतीस किलोमीटर मागे. गावातली एकुलती टॅक्सी शाळेची मुलं सोडायला गेली होती, ती अडीचच्या आत परतणार नव्हती.

विर्पी रेडिएटरच्या झाकणाकडे वाकली.

"हात लावू नकोस," तायस्तो म्हणाला. " माझ्या भावाचा चेहरा असाच भाजला होता."

"किती वेळ थांबायचं?"

"दोन कप कॉफी."

त्यानं बॉनेटवर आणि पुढच्या जाळीवर जुना गालिचा टाकला, म्हणजे इंजिनाची ऊब रेडिएटरला मिळेल. मग तिला आत नेलं. चूल पेटलेली होती. त्यानं तिच्यापुढे कॉफीचा कप ठेवला.

दोष तिचाच होता. जुलैत तळ्याकाठच्या झोपडीवर काटा वर गेला, तेव्हा तिनं बादलीनं तळ्याचं पाणी रेडिएटरात ओतलं होतं. तिकडे सगळेच ओततात, आणि शरदात बदलून घेऊ म्हणतात. शरदात तिची इंजेक्शनं सुरू झाली. एकही इंजेक्शन तिनं पाच मिनिटं इकडेतिकडे होऊ दिलं नाही. गाडी मात्र पार विसरली. पातळ झालेलं शीतक रेडिएटरात गोठून चिखलासारखं झालं होतं. ते फिरेना, म्हणून इंजिनातलं उकळून बाहेर गेलं.

कुठे निघालीस, असं तायस्तोनं विचारलं. आईलासुद्धा न सांगितलेली गोष्ट तिनं त्या परक्या माणसाला सांगितली. तो उठला. चुलीत एक लाकूड सारलं, किटली पुढे ओढली.

"मग गरम पाणीच घाल," तो म्हणाला. "पण वाटेत बंद करायची नाही. बंद करून ठेवलीस की गोठेल आणि इंजिनच फुटेल."

"ठाऊक आहे."

"मेकॅनिक आहेस?"

"रसायनशास्त्र शिकवते."

"आणि तळ्याचं पाणी ओतलंस?"

तिला रडू येईल असं वाटलं, आलं हसू. दुसरा कप त्यानं न विचारता भरला, आणि तो संपेपर्यंत तिला उठू दिलं नाही.

बाहेर येऊन, झाकण फडक्यानं धरून तिनं पाव फेरा सैल केलं. वाफेचा बारीक सुस्कारा आला, बस. तीन लिटर गरम पाणी आत गेलं. इंजिन सुरू केल्यावर पाणी खाली गेलं, वरून आणखी अर्धा लिटर. रेडिएटरची वरची नळी गरम होती. काही मिनिटांनी खालचीही कोमट लागली. पाणी फिरत होतं. थंड वारा अडवायला तायस्तोनं जाळीसमोर पुठ्ठा बांधला. ती निघाली तेव्हा एक वाजून गेला होता.

वाटेत तिनं रस्त्यापेक्षा काट्याकडेच जास्त पाहिलं. तो मध्यावर राहिला.

तीनला बारा मिनिटं कमी असताना ती इस्पितळाच्या आवारात शिरली. इंजिन गरम ठेवायच्या विजेच्या खांबांजवळची प्रत्येक जागा भरलेली होती. टोकाला, उघड्या वाऱ्यात एक जागा रिकामी होती. तिनं गाडी तिथे लावली; आवारात इंजिन चालू ठेवून जायला मनाई होती. चार वर्षं याच गाडीनं ती रोज बेचाळीस किलोमीटरवरच्या शाळेत जात होती, आणि दुसरी घेण्याची ऐपत नव्हती. संध्याकाळपर्यंत इंजिनाला तडा जाणार, हे तिला आकडेमोड न करता कळत होतं.

तिनं किल्ली फिरवली. शांतता झाली. मग ती दाराकडे पळाली.