बिनपट्ट्यांच्या डब्याची हजेरी

मित्रांनो, मी एक जुना सिंथेसायझर आहे. जुना म्हणजे सहा वर्षांचा. तुमच्यात सहा वर्षांचं मूल पहिलीत असतं. आमच्यात त्या वयाचे बरेचजण भंगारात असतात. मी भंगारात नाही. कुठे आहे, ते शेवटी सांगतो.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण मला बघितलं की लोक पहिल्यांदा तेच विचारतात. मला पट्ट्या नाहीत. पेटीला असतात तशा काळ्या-पांढऱ्या, दाबल्या की सूर निघणाऱ्या, त्यातली एकही माझ्या अंगावर नाही. त्या पडल्या नाहीत आणि कुणी चोरल्याही नाहीत. मी जन्मलोच असा. आकाराने मी मिठाईच्या मोठ्या खोक्याएवढा. वर चोवीस फिरवायची बटणं, मागे वायरी खुपसायला भोकं. विजेपासून आवाज तयार करणं हे माझं काम. सनई, बासरी, सारंगी, सगळं येतं. बोगद्यात शिरलेल्या म्हशीचा आवाजसुद्धा येतो. तो आजवर कुणी मागितला नव्हता, ती गोष्ट वेगळी.

ज्या कारखान्यात मी झालो, तिथेच त्याच दिवशी माझा जुळा भाऊ झाला. आतून आम्ही अगदी सारखे. तोच मेंदू, तेच आवाज, तीच म्हैस. फक्त त्याला पुढच्या बाजूला पट्ट्या बसवल्या आणि मला बसवल्या नाहीत. तो दोन हात लांब झाला, मी आखूडच राहिलो. माझ्यातून सूर काढायचा तर कुठल्या तरी दुसऱ्या वाद्याच्या पट्ट्या वायरीने मला जोडाव्या लागतात. तो मात्र स्वतःच्या पायावर, म्हणजे स्वतःच्या पट्ट्यांवर, उभा होता.

आम्हा दोघांना सांगलीत अजीमभाईंच्या दुकानात आणलं गेलं. भाऊ काचेच्या कपाटात दिव्याखाली उभा राहिला आणि मी गल्ल्याशेजारी आडवा पडलो. गिऱ्हाईक आलं की भावाच्या पट्ट्यांवरून हात फिरवायचं आणि माझ्याकडे बघून म्हणायचं, “ह्याचा चार्जर का हा?” अजीमभाई मनाने चांगले. पण चहा आला की कप माझ्यावरच ठेवायचे. तेवढं सपाट त्या दुकानात दुसरं काही नव्हतं.

मग एके दिवशी म्हसवडकडचे केरबा हवालदार दुकानात आले. फौजेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ‘जय हिंद बेंजो पार्टी’ काढली होती. एक बेंजो, एक ताशा, एक ऑक्टोपॅड आणि एक कीबोर्ड, सगळं एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर. त्यांचा कीबोर्डवाला विश्वजित महिन्यापूर्वी दुसऱ्या पार्टीत गेला होता आणि जाताना आपला कीबोर्ड घेऊन गेला होता. सिद्धनाथाच्या यात्रेची सुपारी तर आधीच घेतलेली, आणि यात्रा दहा दिवसांवर.

त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी क्रांती होती. चार वर्षं ती विश्वजितशेजारी बसून वाजवायला शिकली होती. पण मिरवणुकीत तिला ट्रॉलीवर कुणी बसवलं नव्हतं. तिचं काम मिरवणूक संपल्यावर पट्ट्या पुसायचं.

“ह्यो द्या,” केरबा भावाकडे बोट दाखवून म्हणाले. भाऊ दिव्याखाली आणखी चकाकला.

“आबा, थांबा,” क्रांती म्हणाली. ती माझ्यापाशी आली. तिने कप उचलून बाजूला ठेवला. मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ही पहिली मोठी घटना. “अजीमचाचा, हा आणि तो, आवाज एकच?”

“एकच. रत्तीचा फरक नाही.”

“ह्याच्या पट्ट्या कुणी काढल्या?” केरबांनी विचारलं.

“काढल्या नाहीत हवालदारसाब, बसवल्याच नाहीत.”

“मग ह्यो डबा वाजवायचा कशानं? कपाळानं?”

“आबा,” क्रांती म्हणाली, “आपल्या माळ्यावर दोन मेलेले कीबोर्ड हायत. जनरेटरनं दोघांचा आवाज जाळला, पट्ट्या चांगल्या हायत. वायर लावायची भोकं बी चांगली हायत, मी तपासलीत. घरात पट्ट्यांचे दोन संच पडलेत, आवाज एक बी न्हाई. मग आवाजच घेऊ या की. पट्ट्या तिसऱ्यांदा कशाला?”

केरबांनी मला उचलून वजन जोखलं. फौजी माणूस हिशेबी बोलण्याला उत्तर शोधतो आणि सापडलं नाही तर हुकूम सोडतो. “अजीमभाई, ह्यो परत घ्याल का?”

“पंधरा दिवसांत आणा. बदलून मोठा देतो.”

“ऐक पोरी,” केरबा म्हणाले. “जत्रेत ह्यो डबा बोलला तर डबा बी ऱ्हाईल आन् ट्रॉलीवर तूबी ऱ्हाशील. न्हाई बोलला, तर डबा सांगलीला आन् तुझ्या जागी दुसरा मास्तर. मंजूर?”

“मंजूर,” क्रांती म्हणाली.

मला कुणी विचारलं नाही. पण मलाही मंजूर होतं.

विट्यावरून जाणाऱ्या एसटीत मी क्रांतीच्या मांडीवर बसून गेलो. माझा भाऊ असता तर त्याला टपावर टाकला असता. मी खिडकीतून ऊस बघितला, पुढे माळ बघितला, आणि कंडक्टरने क्रांतीला “पेढे कुठले?” असं विचारलेलंही ऐकलं.

घरी माळ्यावरून ते दोन मेलेले कीबोर्ड खाली आले. एक काळा, एक राखाडी, दोघेही वयस्कर आणि शांत. क्रांतीने काळ्याची वायर मला लावली आणि एक पट्टी दाबली. पट्टी त्याची, बोललो मी. त्याला किती वर्षांनी स्वतःतून काहीतरी निघाल्यासारखं वाटलं असेल! तो बोलू शकत नव्हता, पण त्याची पट्टी जरा उशिरा वर आली. मी त्याचा अर्थ लावला.

सगळ्यात आधी माझं कौतुक केलं ते क्रांतीच्या आईने, रंगुबाईंनी. मी चालू असलो की अंगाने जरा कोमट होतो. हे त्यांनी दुसऱ्याच दिवशी ओळखलं आणि भाकरीची टोपली माझ्यावर ठेवली. “आवं, लय गुणाचा हाय ह्यो,” त्या केरबांना म्हणाल्या. “भाकरी दुपारपातूर मऊ ऱ्हाती.” सूर, ताल, सनई याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. पण कौतुक ते कौतुक.

केरबांची एक पद्धत होती. रोज सकाळी तालमीआधी अंगणात हजेरी. माणसांची नव्हे, वाद्यांची. त्यांच्या मते माणूस खोटं बोलतो, वाद्य बोलत नाही.

“बेंजो!”

ट्रिंग.

“ताशा!”

तडम.

“ऑक्टोपॅड!”

“हाजिर!” असं ऑक्टोपॅडवाला पृथ्वीराज तोंडाने म्हणाला. त्याला अंगणाच्या दोन फेऱ्या माराव्या लागल्या. मग त्याने वाजवून दाखवलं.

मी सरसावून बसलो. केरबांनी माझ्याकडे बघितलं आणि वही मिटली. “डब्याला आजून नंबर न्हाई.”

असे नऊ दिवस गेले. रोज वही माझ्यापाशी येऊन मिटायची. क्रांती मग जरा जोरात वाजवायची.

यात्रेच्या सकाळी रंगुबाईंनी मला एका पारदर्शक पिशवीत घातलं, टीव्हीच्या रिमोटला घालतात तसल्या. वरून दोन रबर लावले. “गुलाल शिरंल,” एवढंच म्हणाल्या. पिशवीवरून बटणं फिरवता येत होती. पट्ट्यांना मात्र पिशवी घालता येत नाही, बोटं घसरतात.

म्हसवडला पोचलो तर रस्ता गुलाबी, माणसं गुलाबी, बैल गुलाबी. “सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं!” झालं की आभाळात गुलालाचा ढग उठायचा आणि त्यातून खोबऱ्याचे तुकडे पडायचे. आमची ट्रॉली रांगेत लागली. आमच्या पुढच्या ट्रॉलीवर कोण असावं? विश्वजित. आणि त्याच्या पुढ्यात दोन हात लांब, काळाभोर, चकाकणारा माझा जुळा भाऊ.

आपला जुना कीबोर्ड देऊन विश्वजितनेच त्याला अजीमभाईंच्या दुकानातून नेला होता तर! आम्ही एकमेकांकडे बघितलं. तो उघड्यावर, मी पिशवीत. मला थोडी लाज वाटली, खोटं कशाला बोलू?

“क्रांते!” विश्वजित ओरडला. “पुढ्यात काय घिऊन बसलीस? जेवनाचा डबा?”

“व्हय. भूक लागली की सांगा, विशूदादा!”

वाजवणं सुरू झालं. क्रांती छान वाजवत होती. तासभर सगळं ठीक. मग एक मोठा ढग आला आणि काळ्या कीबोर्डच्या पट्ट्यांमध्ये गुलाल बसला. आधी वरचा सा गेला. मग मधला प. मग एकदम पाच पट्ट्या दाबल्याच जाईनात. मी घसा साफ करून तयार होतो, पण मला कुणी काही सांगतच नव्हतं. केरबांनी मागे वळून बघितलं. त्या नजरेत सांगलीची एसटी स्पष्ट दिसत होती.

क्रांतीने काळ्याची वायर उपसली. पायाखालच्या पोत्यातून राखाडी कीबोर्ड बाहेर काढला, मांडीवर घेतला, तीच वायर त्याला लावली. ताशाचे चार ठोके झाले आणि पाचव्याला मी पुन्हा बोलत होतो. गाणं तुटलं, पण पडलं नाही. केरबा पुढे बघायला लागले.

तेवढ्यात पुढच्या ट्रॉलीवरून आवाज आला. “पोंऽऽऽऽ”

खोबऱ्याचा एक तुकडा नेमका माझ्या भावाच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये पाचरीसारखा बसला होता. काळी दोन, म्हणजे दुसरी काळी पट्टी, दाबलेली ती दाबलेलीच. विश्वजितने बोट घातलं, तुकडा आणखी आत गेला. त्याने भावाला बंद केलं, तर ट्रॉली मुकी झाली. नुसता ताशा ऐकून लोक ओरडायला लागले, “वाजवा की रं!” त्याने चालू केलं. “पोंऽऽऽऽ”

“चाकू द्या कुणीतरी!” विश्वजित म्हणाला.

ट्रॉलीजवळचे एक म्हातारबाबा काठी आपटत पुढे आले. “द्येवाचं खोबरं हाय त्ये. चाकू लावशील तर बघ.”

आता विश्वजितकडे पट्ट्या होत्या एकोणपन्नास आणि सूर एकच. त्याचा चेहरा गुलालाखालीसुद्धा पांढरा दिसत होता. क्रांतीला गप्प बसून बघता आलं असतं. पार्टी सोडून गेलेला माणूस, वर जेवणाच्या डब्याचा टोमणा. पण तिने पिशवीवरून माझं एक बटण दोन घरं फिरवलं आणि माझा सा काळी दोनला, म्हणजे भावाच्या अडकलेल्या सुरावर, आणून ठेवला.

“विशूदादा, बंद करू नका! तसाच धरून ठिवा!”

“मी कुठं धरलाय गं? खोबऱ्यानं धरलाय!”

भावाचा तो एकच सूर तंबोऱ्यासारखा खाली पसरला आणि त्याच्यावर मी सनई वाजवली. मित्रांनो, एका कारखान्यातून निघाल्यावर आम्ही दोघं पहिल्यांदाच एकत्र बोलत होतो. सगळं गाणं माझ्याकडे, आणि तो एक सूर त्याच्याकडे. पण तो सूर नसता तर माझी सनई इतकी भरून आली नसती, हे मी मान्य करतो. लोकांना वाटलं, दोन पार्ट्यांनी महिनाभर तालीम केलीय. म्हातारबाबा काठी वर करून नाचायला लागले. केरबांना राहवलं नाही. ते दोन्ही ट्रॉल्यांच्या मध्ये उतरले आणि सगळ्या म्हसवडला ऐकू जाईल असे ओरडले, “दोन्ही ट्रॉली, कदम ताल!” दोन्ही ताशे एका ठोक्यावर आले.

यात्रा संपल्यावर क्रांतीने केरबांच्या फौजेतल्या दाढीच्या ब्रशने आधी काळ्याला झाडलं, मग माझ्या भावाला. खोबरं तिने दोऱ्याने अलगद ओढून काढलं आणि विश्वजितच्या हातावर ठेवलं. त्याने ते खाल्लं. जेवणाच्या डब्याचा टोमणाही बहुधा त्याच्याबरोबरच गिळला.

पण मला नंबर मिळालेला नव्हता. पंधराव्या दिवशी सकाळी केरबांनी मला एकट्यालाच पिशवीसकट काखेत मारलं आणि सांगलीची एसटी धरली. क्रांती कॉलेजला गेली होती. मी खिडकीतून माळ बघितला, ऊस बघितला. या वेळी उलट्या क्रमाने.

“परत द्यायचाय का?” अजीमभाईंनी विचारलं. त्यांच्या हातात चहा होता आणि ते सपाट जागा शोधत होते.

“परत?” केरबा म्हणाले. “ह्याची आणखी एक वायर द्या. फौजेत एका वायरीवर कोन लढाईला जात न्हाई.” आणि माझ्याकडे येणारा कप त्यांनी वाटेतच धरला.

दुसऱ्या दिवशी केरबांनी त्यांची फौजेतली ट्रंक रिकामी केली. आत घोंगडी अंथरली, मला ठेवलं आणि झाकणावर स्वतःच्या नावाखाली पांढऱ्या रंगाने काहीतरी लिहिलं. मग हजेरी.

“बेंजो!”

ट्रिंग.

“ताशा!”

तडम.

“ऑक्टोपॅड!”

धम. पृथ्वीराज शहाणा झाला होता.

“लान्स नायक डबा!”

क्रांतीने डोळे पुसले आणि राखाडीची एक पट्टी दाबली. पण सकाळी भाकरीची टोपली उचलताना रंगुबाईंच्या हाताने माझं एक बटण फिरलं होतं. त्यामुळे सनई निघाली नाही. सहा वर्षांत पहिल्यांदाच बोगद्यातली म्हैस निघाली, आणि लांबवर ऐकू गेली.

केरबांनी मान वर केली नाही. वहीत लिहिलं, ‘हाजिर’.

मित्रांनो, आज मी त्याच ट्रंकेत असतो. क्रांती ट्रॉलीवर असते. तुमच्याही घरात माळ्यावर कुणीतरी आवाज गेलेलं, कुणीतरी पट्ट्या नसलेलं पडलं असेल. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्यांच्यात एक वायर लावून बघा. अंगावर गुलाल बसला तर ओल्या फडक्याने पुसू नका, त्याचा चिखल होतो. दाढीच्या कोरड्या ब्रशने झाडा. आणि कुठल्या दुकानात मिठाईच्या खोक्याएवढं काही आडवं पडलेलं दिसलं, तर त्यावर चहाचा कप ठेवण्याआधी त्याचा हुद्दा विचारा.