सात नंबरचा बोअर

पुण्यात दगड शिकलेल्या माणसाला पांढऱ्या दगडाची किंमत नसते. का असावी? इथे कुठेही विहीर खणा, काळ्या खडकाच्या पोकळ्यांतून पांढरं काहीतरी चमकतं. मुलं ते शाळेच्या प्रदर्शनात मांडतात आणि दिवाळीच्या साफसफाईत त्यांच्या आया ते फेकून देतात. त्यामुळे पांढरं दिसलं की पुढे चालू लागायचं, हा माझा नियम. या नियमावर मी नोकरी केली आणि निवृत्तही झालो. आपलं कधी चुकलं नाही, असं मी १९८७ सालच्या त्या सोमवारपर्यंत छातीठोकपणे सांगत होतो.

त्या सोमवारी आमच्या जुन्या खाण कंपनीतली विजयमाला बिबवेवाडीला माझ्या घरी आली. नवी भूशास्त्रज्ञ, बोलायला चुरचुरीत. तिच्या हातात एक कागद होता. वाघोलीचं गोदाम कंपनी रिकामं करत होती. तिथे सोनखड टेकडीच्या बोअरमधून निघालेल्या दगडी कांड्यांच्या पेट्या तेवीस वर्षं पडून होत्या. त्या आता रस्त्याच्या भरावात जाणार होत्या. ज्याने त्या कांड्या तपासल्या त्याची सही झाल्याशिवाय त्या टाकायच्या नाहीत, असा कंपनीचा दंडक होता. तपासणारा मीच होतो.

"आण इकडे," मी पेन काढलं.

"सर, आधी एकदा गोदामात याल का? अय्युबचाचा पेट्या हलवू देत नाहीयेत."

मला राग आला. मी 'काही नाही' असं लिहून दिलेल्या टेकडीवर गोदामवाला शंका घेणार!

सोनखड वणीच्या पलीकडे, पैनगंगेकाठच्या चुनखडीत. तिथले मासेमार टेकडीवरचा एक चकचकीत जड दगड वितळवून जाळ्याला लावायच्या गोळ्या करत. तो दगड म्हणजे शिशाचं खनिज, हे आम्हाला १९६१ साली कळलं आणि कंपनीने मला तिकडे धाडलं. चौसष्टपर्यंत मी सात बोअर घेतले. काळे चकचकीत दाणे दिसले तेवढ्याच कांड्या प्रयोगशाळेत पाठवल्या. शिसं निघालं ते चिमूटभर. मी प्रकरण मिटवलं आणि पुण्याला येऊन बढती घेतली.

गोदामात अय्युब दारातच उभा होता. पेट्या पहिल्यांदा आल्या तेव्हापासूनचा माणूस.

"अय्युब, तुम्ही कधीपासून दगड वाचायला लागलात?"

"वाचायला नाही येत साहेब, उचलायला येतं. बाकी सगळ्या पेट्या मी एकटा उचलतो. सात नंबरच्या शेवटच्या तीन पेट्यांना दोघं लागतात. दगड तेवढाच, पेटी तेवढीच. मग वजन कुठून आलं, एवढं सांगा आणि घेऊन जा."

मी पेटी उघडली. करड्या चुनखडीत हातभर जाडीचे पांढरे पट्टे, एकामागून एक. मी कांडी उचलली आणि मनगट खाली गेलं. तेवीस वर्षांपूर्वी ही मी हातात घेतलीच नव्हती. नुसती नजर टाकून पुढे गेलो होतो.

विजयमालाने आम्लाची बाटली पुढे केली. मी करड्या भागावर थेंब टाकला, तो फसफसला. पांढऱ्यावर टाकला, तो तसाच बसून राहिला. चुन्याचा दगड असता तर फसफसला असता. हा बॅराइट होता, शिशा-जस्ताच्या सोबतीने सापडणारा जड दगड. त्यात मधाच्या रंगाचे बारीक दाणे होते, ते तर मला कधी दिसलेच नव्हते. मी चाकूने ते खरवडले आणि भुकटीवर थेंब सोडला.

"या अल्ला, अंडं कुणी फोडलं?" अय्युबने नाक दाबलं.

सडक्या अंड्याचा वास. म्हणजे ते मधाच्या रंगाचे दाणे जस्ताचं खनिज होते. इतका घाणेरडा वास मला इतका कधी आवडला नव्हता! शिशाच्या मागे धावताना मी जस्तावर पाय देऊन गेलो होतो. आनंद झाला आणि त्याच दमात लाजही वाटली.

आम्ही शेवटच्या पेटीतल्या शेवटच्या कांडीपर्यंत गेलो. तीही पांढरी, तीही जड, तिलाही तोच वास.

विजयमाला हळूच म्हणाली, "सर, बोअर इथेच संपतो. पण थर संपलेला नाही."

पेटीच्या झाकणाला आतून नोंदीचा कागद डकवला होता.

"वाच," मी म्हणालो.

"'बासष्ट मीटर. अजूनही पांढरा निरुपयोगी दगडच. मशीन थांबवावे.'" ती तिथेच थांबली.

"खाली नाव आहे ना? तेही वाच."

तिने वाचलं. गोदामात माझं नाव चांगलंच ऐकू आलं.

मी तिच्याकडून कंपनीचा कागद घेतला. 'पेट्या टाकण्यास हरकत नाही' हे छापील वाक्य आडवी रेघ मारून खोडलं आणि खाली लिहिलं: 'एकही पेटी टाकू नये. सात नंबरचा बोअर माझ्या चुकीमुळे थांबला. त्याच जागी पुन्हा घेऊन बासष्ट मीटरच्या खाली न्यावा.' आणि पूर्ण नावाने सही केली.

तिने कागद दोनदा वाचला. "सर, 'माझ्या चुकीमुळे' एवढं काढलं तरी चालेल. नाहीतर वरचे लोक तुम्हालाच प्रश्न विचारत बसतील."

"विचारू देत की," मी म्हणालो. "उत्तर द्यायला मी अजून आहे."