आईने न पाहिलेलं लग्न

वेदश्रीचं लग्न तिच्या आईने पाहिलंच नव्हतं. मंगलाष्टकं सुरू झाली की मुलीच्या आईने मांडवात थांबायचं नाही, तुळशीपाशी जाऊन पाणी घालत बसायचं, असा त्यांच्या घरचा रिवाज. सुमतीबाईंनी तो निमूट पाळला. अंतरपाट कधी दूर झाला, हार आधी कोणी घातला, काही म्हणता काही त्यांना दिसलं नाही. "व्हिडिओत पाहीन नं, घाई काय हाये," असं त्या भेटेल त्याला हसून सांगत.

तो व्हिडिओ होता साकेतच्या सर्व्हरमध्ये. सर्व्हर म्हणजे नालवाडीतल्या त्यांच्या घरात, पुढच्या खोलीतल्या कोपऱ्यात ठेवलेला एक काळा खोका. घरादाराचे फोटो, कागद, सिनेमे, सगळं त्यात. वेदश्रीचा हा भाऊ एका कंपनीचं काम घरूनच करायचा आणि कॉम्प्युटरच्या बाबतीत स्वतःला जरा जास्तच शहाणा समजायचा. फोटोग्राफरने लग्नाला सिनेमातली गाणी चिकटवायच्या आत त्याने सगळं कच्चं चित्रण मागून घेतलं होतं. "एडिटिंग मीच करतो. माझ्याकडे दोन डिस्कांवर सारखंच साठवलं जातं. एक गेली तरी दुसरी आहे!" फोटोग्राफरने आपल्याकडचं पुसलं आणि पुढच्या लग्नांच्या मागे लागला. साकेतचं एडिटिंग मात्र 'करतो, करतो' म्हणता म्हणता मे महिन्यात येऊन पोचलं.

आणि एका दुपारी सर्व्हरला डिस्क सापडेना. एक नव्हे, दोन्ही.

साकेतने खोका बंद करून पुन्हा चालू केला. मग माहिती वाहून नेणाऱ्या केबली बदलल्या. मग डिस्कांना कान लावून बसला. आतून टिक् टिक् आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. त्यात वडील, नरहरराव, पाठीमागे उभे. आयुष्यभर हेडमास्तरकी केलेल्या माणसाला गप्प उभं राहणं कसं जमणार?

"तू तं म्हणे, एक गेली तरी दुसरी हाये?"

"बाबा, तुम्ही जरा बसा नं तिकडे!"

तेवढ्यात एक डिस्क क्षणभर उगवली आणि पडद्यावर प्रश्न आला : डिस्क वाचता येत नाही, फॉरमॅट करायची का?

"हो म्हण नं," नरहरराव म्हणाले. "पाहू तं काय होते."

घामेजलेल्या साकेतचं बोट खरंच त्या बटणाकडे गेलं होतं. मग एकाएकी त्याच्या ध्यानात आलं की हो म्हटलं तर डिस्क कोरी होईल, आणि वेदश्रीचं लग्न पुन्हा काही लावता येत नाही. त्याने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. आणि तो सरळ फरशीवरच बसला.

सुमतीबाई पन्ह्याचा पेला घेऊन आल्या. पोराचा चेहरा पाहून त्यांना सगळं कळलं. "नाई सापडलं तं नाई सापडलं," त्या म्हणाल्या. "पोरगी सुखात हाये नं? मंग झालं तं. तू काऊन एवढा जीव जाळून राह्यला?"

आई रागावली असती तर साकेतला बरं वाटलं असतं. ती समजूत घालत होती, हेच त्याला सोसवेना. पन्हं पिता पिता तो खोक्याकडे बघत राहिला आणि आता कुठे त्याचं डोकं ताळ्यावर आलं. दोघं भाऊ एकाच दिवशी आजारी पडले तर भावांना नाही, जेवणाला दोष द्यायचा असतो. दोन्ही डिस्का जेवत होत्या एकाच वायरीवर. एका वायरीला दोन तोंडं काढून त्यानेच त्यांना वीज दिली होती.

त्याने ती वायर उपसून उजेडात धरली. तोंडावर पांढरी खपली धरलेली, आतली पितळी पाती हिरवी पडलेली. इथे पाणी आलं कुठून? त्याने मान वळवली तर उन्हाळ्यासाठी लावलेल्या पाण्याच्या कूलरचं तोंड नेमकं सर्व्हरकडे, आणि वाऱ्याबरोबर बारीक तुषार थेट खोक्याच्या जाळीवर.

"मीच फिरवलतं त्याले," सुमतीबाई ओशाळून म्हणाल्या. "हात लावला तं किती तापलतं ते तुयं डबडं! म्हटलं, बिचारं रात्रंदिवस काम करून राह्यलं, त्यालेही उकडत असंन."

"माय वं!" नरहरराव कपाळावर हात मारून हसायला लागले.

साकेतला हसू येत नव्हतं. अजून काहीच ठरलं नव्हतं. आतून डिस्काही गेल्या असतील तर? त्याने कूलर बंद केला, सगळं कोरडं पुसलं, जुन्या कॉम्प्युटरमधल्या दोन वेगवेगळ्या वायरी काढून जोडल्या आणि देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. टिक् टिक् नाही. नुसती एकसारखी घरघर. मग पडद्यावर पहिली डिस्क आली, पाठोपाठ दुसरी, आणि त्यात 'वेदश्री लग्न' जसंच्या तसं.

"हुश्श!" साकेत जमिनीवर आडवाच झाला. छातीवरचा धोंडा उतरला होता. पण शहाणपण आता आलं होतं, उशिरा का होईना. आईने कितीही घाई केली तरी त्याने आधी सगळं बाहेरच्या तिसऱ्या डिस्कवर उतरवलं, ती कपाटात ठेवली आणि मगच टीव्ही लावला.

सुमतीबाई पदर सावरून, मांडवात बसावं तशा समोर बसल्या. शेवटचं मंगलाष्टक संपलं, अंतरपाट दूर झाला, अक्षता उडाल्या. नवरदेव वेदश्रीकडे पाहून हसत होता. वेदश्री मात्र हार हातात धरून भलतीकडेच बघत होती, माणसांच्या डोक्यांवरून, मागच्या दाराकडे.

"तिकडे काय पाहून राह्यली वो ही?" सुमतीबाईंनी विचारलं.

"तिकडे तुळस होती," नरहरराव हळूच म्हणाले. "तुले पाहून राह्यली."

सुमतीबाई रडल्या. अगदी मोकळ्या रडल्या, पाठवणीच्या दिवशी नव्हत्या तशा. मग पदराने डोळे पुसून त्यांनी फोन मागितला आणि पलीकडून 'हॅलो' यायची वाटही न बघता म्हणाल्या, "वेदू, पाह्यलं वं मी तुयं लग्न."